‘सगळं जाळून टाक’ म्हणून गेलेल्या भावाच्या वह्यांचं काय करायचं?

पत्र, थोडक्यात

पत्र एका 34 वर्षांच्या ताईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. त्यांचा धाकटा भाऊ 14 महिन्यांपूर्वी, वयाच्या 27व्या वर्षी, अल्पशा आजाराने गेला. तो कथा लिहायचा. हयातीत 6 कथा मासिकांतून आल्या आणि जाणत्या लोकांनी त्यांची दखलही घेतली. मागे उरलं ते असं: वह्यांचा एक गठ्ठा, लॅपटॉप, त्यात अर्धवट राहिलेली कादंबरी, फोनमधल्या असंख्य नोंदी आणि एक रोजनिशी. मित्रांनी दुसऱ्या स्मृतिदिनी त्याचं ‘समग्र साहित्य’ काढायचं ठरवलं आहे. एकजण कादंबरी पूर्ण करून द्यायला तयार आहे. दुसऱ्याचं म्हणणं, त्याचं सगळं लिखाण एआयला द्यावं, ते हुबेहूब त्याच्या शैलीत शेवट लिहून देईल. वडिलांना त्याच्या नावे पुरस्कार सुरू करायचा आहे. आईचा एका कथेला विरोध आहे. आणि आजारपणाच्या काही महिने आधी भाऊ हसत हसत ताईंना म्हणाला होता, ‘मी गेलो तर हे सगळं जाळून टाक बरं का.’

ताई लिहितात: ‘छापलं तर त्याचा विश्वासघात होतो, नाही छापलं तर त्याला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होतं. काय करू? वेळही थोडा राहिला आहे.’

उत्तर

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. वेळ थोडा राहिला आहे, असं कुणी ठरवलं? दुसरा स्मृतिदिन 10 महिन्यांवर आहे, पण ती तारीख मित्रांनी ठरवली, सभागृह आणि प्रकाशन समारंभ डोळ्यांसमोर ठेवून. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण 10 महिन्यांत न छापल्यामुळे वाया गेलेलं चांगलं लिखाण मला तरी आठवत नाही. घाईघाईत छापल्यामुळे वाया गेलेलं मात्र पुष्कळ आठवतं. स्मृतिग्रंथ नावाच्या प्रकारात निम्मी पानं आठवणींची, पाव फोटोंची आणि उरलेल्या जागेत दाटीवाटीने तो बिचारा लेखक, असंच बहुधा असतं.

गंमत अशी, की एक मुदत खरोखरच जवळ येते आहे आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. भावाचं जीमेल खातं आणि त्याला जोडलेल्या ऑनलाइन फाइली यांची ती मुदत आहे. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक खाती आतल्या मेल, फाइली आणि फोटोंसकट काढून टाकली जाऊ शकतात, असं गूगलचं धोरण 2023 मध्ये जाहीर झालं आहे. म्हणजे छापायला वेळच वेळ आहे, जपायला नाही. तुम्ही ही दोन्ही कामं एकच समजून चालला आहात आणि तुमचा जीव त्यातच घुसमटतो आहे, असं मला वाटतं. जपायला त्याची परवानगी लागत नाही, कुणाशी वाद घालावा लागत नाही, रडत रडतही ते करता येतं. छापायचा निर्णय त्यानंतर, पाच वर्षांनी घेतलात तरी चालेल.

तेव्हा या महिन्यात एवढंच करा. त्याचा मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. घरातल्या कुणाच्या तरी नावावर करून घ्या. सगळ्या खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात, आणि बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला दिला जातो. फोन उघडत नसेल तर अंदाजाने पासकोड टाकत बसू नका. चुकीचे प्रयत्न वाढले की काही फोन कायमचे बंद होतात, आणि तशी सोय चालू करून ठेवलेली असेल तर सगळं पुसूनही टाकतात. मृत व्यक्तीच्या खात्यातली माहिती मिळावी यासाठी गूगलकडे नातेवाइकांना अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला लागतो. पासवर्ड ते कुणालाच देत नाहीत, पण खात्यातला मजकूर मिळण्याची शक्यता असते. लॅपटॉपमधल्या फाइली उघडून ‘सेव्ह’ करू नका, नाहीतर कुठला मसुदा कधीचा हे सांगणारी तारीख बदलते. आधी जाणकाराकडून संपूर्ण डिस्कची प्रत करून घ्या, मग त्या प्रतीवर काम करा. अशा तीन प्रती असू द्या, आणि त्यातली एक घराबाहेर.

वह्या जशा सापडल्या तशाच राहू द्या. गठ्ठ्याचा क्रम न मोडता आधी फोटो काढा, मग एकेका पानाचा. कोरी पानं आणि मलपृष्ठंसुद्धा. सुट्या चिठ्ठ्या ज्या पानात होत्या त्याच पानात. फाटकं पान सेलोटेपने चिकटवायचं नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि शाईसकट कागद खातो. विषयवार लावून ठेवायचा मोह होईल, तो टाळा. कुठली कथा कुठल्या कथेच्या शेजारी लिहिली, मध्येच कुणाचा फोन नंबर खरडला, यावरूनही पुढे एखाद्या अभ्यासकाला बरंच काही कळतं.

आता ‘जाळून टाक’.

या वाक्यावर तुम्ही पत्रात सगळ्यात जास्त लिहिलं आहे आणि मलाही इथेच जास्त थांबायचं आहे. जर्मन भाषेत लिहिणारा लेखक फ्रान्झ काफ्का 1924 मध्ये गेला तेव्हा त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, लिहून ठेवलं होतं की सगळं न वाचता जाळ. ब्रोडने जाळलं नाही. पुढच्याच वर्षी पहिली कादंबरी छापली. त्याचा युक्तिवाद असा, की मी हे करणार नाही असं मी त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्याला खरंच जाळायचं असतं तर त्याने हे काम दुसऱ्या कुणावर सोपवलं असतं. हा युक्तिवाद जगभर उद्धृत होतो, पण मला तो तुमच्यासाठी पुरेसा वाटत नाही. ब्रोडने आधी नकार दिला होता, तुम्ही नुसत्या हसलात. शिवाय आज आपण ब्रोडला शाबासकी देतो ती काफ्का मोठा निघाला म्हणून. असा निकाल आधी कुणाच्या हातात नसतो.

मला अमेरिकेतल्या एका धाकट्या बहिणीचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. कवयित्री एमिली डिकिन्सन 1886 मध्ये वारली. ती काही तरुण नव्हती, 55 वर्षांची होती, पण हयातीत तिच्या जेमतेम दहाएक कविता छापून आल्या होत्या. तिच्या इच्छेप्रमाणे धाकट्या बहिणीने, लॅव्हिनियाने, तिला आलेली पत्रं खरोखर जाळली. नंतर लॅव्हिनियाला हाताने शिवलेल्या वह्यांमध्ये शेकडो कविता सापडल्या. त्यांच्याबद्दल कसलीच सूचना नव्हती. त्या तिने ठेवल्या, आणि छापून आणण्यासाठी लोकांच्या मागे लागली. म्हणजे खासगी ते खासगी ठेवलं आणि लिखाण ते लिखाण म्हणून वागवलं. ‘सगळं’ या एका गाठोड्यात दोन्ही बांधलं नाही.

तुमच्या भावाने तशी वर्गवारी तोंडाने केली नाही, पण हाताने केली आहे, आणि ती तुम्हीच मला कळवली आहे. तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय की काही कथांच्या वरच्या कोपऱ्यात तो ‘गेली’ असं लिहून तारीख टाकायचा. म्हणजे कथा संपादकाकडे पाठवली. परत आली की खाली ‘आली’ आणि पुन्हा तारीख. अशा 10 कथा आहेत. त्यातल्या 6 छापल्या गेल्या, 4 परत आल्या. काही वह्यांत पानं मुळापासून फाडलेली आहेत, शिवणीपाशी नुसती किनार उरली आहे. आणि रोजनिशी त्याने कुणालाच, तुम्हालाही, कधी दाखवली नव्हती.

ताई, हसत बोललेल्या एका वाक्यापेक्षा या सवयीवर जास्त विश्वास ठेवा. जे नष्ट करायचं होतं ते तो स्वतःच फाडत होता. ज्या लिखाणाला वाचक हवे होते ते तो पाकिटात घालून परक्या माणसाकडे पाठवत होता, नकार पचवत होता आणि पुन्हा पाठवत होता. त्या 10 कथा छापल्यात तर कुठलाही विश्वासघात होत नाही. जे त्याने सुरू केलं होतं तेच तुम्ही पुढे नेता. रोजनिशी छापू नका. आत्ता वाचूही नका, असं मी सुचवेन. पाकिटात सीलबंद करा, वर तारीख घाला, आणि अमुक वर्षांपर्यंत उघडायची नाही असं लिहून ठेवा. जाळायची असं पुढे कधी ठरलंच तर तेव्हाही जाळता येईल. आज जाळलीत तर मात्र मागे फिरता येणार नाही.

बाकीचं, म्हणजे अर्धे मसुदे, फोनमधल्या नोंदी, सुरुवात करून सोडलेल्या कथा, हे जपायचं, पण ‘समग्र’मध्ये कोंबायचं नाही. ‘समग्र’ हा शब्द मित्रांना भारदस्त वाटतो आहे. 27 वर्षांच्या लेखकाचं समग्र म्हणजे त्याने स्वतः बाजूला टाकलेलं लिखाणही त्याच्याच नावावर बाजारात आणणं. 10 कथांचं पुस्तक लहान होईल. होऊ द्या.

इथे तुमच्या आणखी एका समजुतीला हात घालते. नाही छापलं तर त्याला दुसऱ्यांदा मारल्यासारखं होईल, असं तुम्हाला वाटतं. यामागे असं गृहीत धरलेलं आहे की तो किती मोठा होता हे जगाला पटवून देणं आता तुमच्या शिरावर आहे. शोकसभेत प्रत्येकजण म्हणाला असेल की जगला असता तर फार मोठा लेखक झाला असता. झाला असता, कदाचित नसताही. कदाचित तिशीनंतर त्याने लिहिणं सोडून दिलं असतं. जे लिहिलंच नाही त्याची जबाबदारी तुम्ही का घेता? बालकवी 1918 मध्ये रेल्वे अपघातात गेले तेव्हा 27 वर्षांचे होते. त्यांनी पुढे काय लिहिलं असतं यावर शंभर वर्षं हळहळ चालू आहे, पण लोकांच्या ओठांवर राहिली ती ‘औदुंबर’, आणि ती आहे 8 ओळींची. वाचक हाती आलेल्या लिखाणावर प्रेम करतो, राहून गेलेल्यावर नाही. पुस्तकाच्या प्रस्तावनेत ‘अकाली’, ‘दुर्दैवी’, ‘उमलण्याआधीच’ असले शब्द दोनपेक्षा जास्त वेळा आले तर संपादकाला पानं परत पाठवा. लेखकाच्या मरणाची सवलत घेऊन वाचाव्या लागतील, इतक्या त्या कथा लेच्यापेच्या नाहीत. तुम्ही सोबत पाठवलेली एक मी वाचली आहे, म्हणून म्हणते.

संपादक मात्र मित्रांपैकी नको. ज्याने त्याच्या कथा नाकारल्या होत्या अशा एखाद्या संपादकालाच विचारून बघा, असं मी गंभीरपणे सुचवते. त्याला काय गाळायचं, काय ठेवायचं हे भीडभाड न ठेवता सांगता येईल. एक अट घाला: शुद्धलेखनापलीकडे एकही शब्द बदलायचा झाला तर तो टिपेत नोंदवायचा. डिकिन्सनच्या पहिल्या संपादकांनी 1890 मध्ये तिची विरामचिन्हं ‘सुधारली’, यमकं जुळवून घेतली, कवितांना शीर्षकं चिकटवली. तिने लिहिलं तसंच्या तसं सगळं छापून यायला 1955 उजाडलं. ते तरी शक्य झालं, कारण मूळ कागद शाबूत होते.

आता कादंबरी. मित्राला नाही म्हणा. प्रेमाने म्हणा, पण नाहीच म्हणा. एआयवाल्या मित्राला तर प्रेमाची गरजही नाही. शैलीची नक्कल जमेलही, कदाचित थक्क व्हायला होईल इतकी जमेल, आणि नेमकी तीच भीती आहे. वीस वर्षांनी तुमच्या मुलांना, आणि काही वर्षांनी तुम्हालाही, तो कुठे थांबला आणि यंत्र कुठे सुरू झालं हे सांगता येणार नाही. शिवाय त्याचं अप्रकाशित लिखाण कुठल्याही ऑनलाइन सेवेत टाकण्याआधी त्या सेवेच्या अटी वाचा. दिलेल्या मजकुराचं पुढे काय होतं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. कवयित्री तरू दत्तचं बघा. कलकत्त्याची ही मुलगी 1877 मध्ये 21व्या वर्षी गेली. हयातीत तिचं एकच पुस्तक निघालं होतं, फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचं. बाकीचे कागद वडिलांच्या हाती लागले. त्यात पूर्ण झालेली एक फ्रेंच कादंबरी होती, ती 1879 मध्ये आली. एक इंग्रजी कादंबरी अर्धवट होती, तीही एका मासिकातून प्रसिद्ध झाली, अपूर्ण होती तशीच. तिची आज वाचली जाणारी बॅलड्स, म्हणजे कथाकाव्यं, तर 1882 मध्ये, मृत्यूनंतर पाच वर्षांनी पुस्तकरूपात आली.

तुमच्या भावाच्या कादंबरीतली सलग, नीट उतरलेली प्रकरणं असतील तर ती एखाद्या मासिकात ‘अपूर्ण’ असं स्पष्ट लिहून द्या. शेवटचं वाक्य जिथे तुटलं आहे तिथेच तुटू द्या. फाइलींच्या नावांत ‘अंतिम’, ‘अंतिम 2’, ‘खरंच अंतिम’ असा गोंधळ असल्याचं तुम्ही लिहिलंय (लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तो असतो). तिथे नावावर जाऊ नका, तारीख बघा, आणि कुणाला ईमेलने कुठला मसुदा पाठवला होता ते शोधा. माणूस दुसऱ्याला पाठवतो तो मसुदा त्याला त्या दिवशी पुरा वाटलेला असतो.

आईबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं आहे. त्या कथेतली बाई रोज रात्री कपाटाला कुलूप लावते आणि तीनदा ओढून बघते. तुमच्या आईने ती कथा अर्ध्यावर ठेवली, आणि तेव्हापासून त्या कुणासमोर कुलूप ओढून बघत नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. तुम्ही हा प्रश्न ‘साहित्य की आईचं मन’ असा मांडलात. मला तो तसा दिसत नाही. आईला कथा छापण्याचा राग आहे, की लेकाने आपल्याला असं पाहिलं याचं दुःख आहे? दुसरं असेल तर कथा दडवून ते कमी होणार नाही. छापायचं की नाही हे विचारू नका. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून, त्यांची तयारी असेल तर, राहिलेली अर्धी कथा वाचून दाखवा. तुम्ही कळवलंय की शेवटी त्या बाईचा मुलगा परगावी स्वतःच्या खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो. तिथपर्यंत त्या पोचलेल्याच नाहीत. त्यानंतरही त्या ‘नको’ म्हणाल्या तर त्यांच्या हयातीत ती कथा बाजूला ठेवा. 9 कथांचं पुस्तक निघेल, आभाळ कोसळणार नाही. ॲन फ्रँकच्या वडिलांनी 1947 मध्ये मुलीची रोजनिशी छापताना तिने आईबद्दल लिहिलेला कडू मजकूर बराचसा वगळला होता. पण कागद नष्ट केले नाहीत. वडील गेल्यावर 1986 मध्ये त्यातलं बहुतेक सगळं प्रसिद्ध झालं. जिवंत माणसाला जपण्यासाठी थांबण्यात काही गैर नाही.

हक्कांचं थोडक्यात सांगते, कारण भांडणं इथेच होतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट टिकतो. हयातीत न छापलेल्या साहित्याची 60 वर्षं तर ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. भावाने मृत्युपत्र केलं नसेल तर हक्क कायदेशीर वारसांकडे जातात. तुम्ही बहीण आहात म्हणून ते आपोआप तुमच्याकडे येत नाहीत, मित्रांकडे तर नाहीच. आई-वडील वारस ठरत असतील तर त्यांच्याकडून लेखी अधिकार घ्या. वकिलाकडे एक फेरी पुरे. छापून आलेल्या 6 कथांचे हक्क त्याने सही करून कुणाला दिले होते का, हे त्याच्या मेलमध्ये शोधा. सहीचा लेखी कागद नसेल तर हक्क हस्तांतरित झाले असं धरत नाहीत. त्याला आलेली पत्रं तुमच्या कपाटात असली तरी त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा, त्याला न विचारता तो छापता येत नाही. आणि प्रकाशकाशी करार करताना ‘सर्व हक्क, कायमचे’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका, समोरचा कितीही हळवं बोलत असला तरी. मुदत घाला, भाषा घाला; ऑडिओ, चित्रपट, अनुवाद वेगळे ठेवा.

वडिलांचा पुरस्कार मला पटत नाही. पुरस्कार दरवर्षी चालवावा लागतो. परीक्षक, निधी, समारंभ, आणि वडील थकल्यावर कोण? तीच रक्कम वह्यांचं स्कॅनिंग आणि पुस्तकाची चांगली निर्मिती यावर घालता येईल का, ते त्यांच्याशी बोला. एखादं संशोधन ग्रंथालय किंवा विद्यापीठ मूळ कागद स्वीकारतं का, याची चौकशी करायचं काम त्यांना द्या. ते त्यात रमतील असं मला तुमच्या वर्णनावरून वाटलं.

हे वाचणाऱ्या, घरात लिहिणारं माणूस हयात असलेल्या सगळ्यांना मध्येच सांगून ठेवते: त्यांच्याकडून एक पान आजच लिहून घ्या. काय पुरं झालं आहे, काय कुणी पाहायचं नाही, निर्णय कुणी घ्यायचा. ॲपलच्या फोनमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आणि गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ अशा सोयी आहेत, पण त्या हयातीतच लावाव्या लागतात. विषय काढायला अवघड जातं, मान्य. तरी काढा.

मित्रांना काय उत्तर द्यायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. या आठवड्यात असं काहीतरी पाठवून द्या: ‘तुम्ही त्याच्यासाठी एवढं करताय याचं आम्हा सगळ्यांना फार मोल आहे. समग्र साहित्य आत्ता काढायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. त्याने स्वतः पूर्ण मानलेल्या कथांचं एक पुस्तक निघेल, तारीख संपादक ठरवतील. कादंबरी कुणीही पूर्ण करायची नाही. तुमच्याकडे त्याची पत्रं, मेसेज, मसुदे असतील तर कृपया पुसू नका, त्यांची एक प्रत मला द्या. स्मृतिदिनाला आपण भेटू आणि त्याची एखादी कथा मोठ्याने वाचू.’

एक-दोघे नाराज होतील. त्यांना प्रती गोळा करायच्या कामाला लावा.